अ‍ॅसिडच्या कपाटाची किल्ली

कालव्याचा पूल मागे पडला तेव्हा धाकटीनं विचारलं, "भावजी, खिशात काय वाजतंय?"

"चष्म्याचं घर."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे आणि घर ताईच्या फडताळात."

मग भावजींनी किल्ली बाहेर काढली. धाकटीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, कारण जिभेवर जे आलं होतं ते थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला बोलण्यासारखं नव्हतं.

कॉलेजच्या रसायनशाळेत भावजींनी मदतनीस म्हणून चौतीस वर्षं काढली. बाटल्या पुसल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, परीक्षेत थरथरणाऱ्या पोरांना डोळ्यांनीच बरोबर बाटली दाखवली. निवृत्त होऊन आठवडा झाला, पण अ‍ॅसिडच्या कपाटाची किल्ली काही हातून सुटेना. उद्या दहापर्यंत आली नाही तर कुलूप तोडू, असं प्राचार्यांनी बजावलं, म्हणून आज धाकटी शिवणवर्ग बंद ठेवून सोबत गेली. तिच्यादेखत भावजींनी किल्ली त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंच्या हातावर ठेवली. धाकटी निश्चिंत होऊन बाहेर दाराशी आली. तेवढ्यात "एक बूच बघून देतो" म्हणत भावजींनी किल्ली परत मागून घेतली, बूच बघितलं, कपाट लावलं आणि सवयीनं किल्ली खिशात घालून निघाले.

"चौतीस वर्षांचा शेवट पहारीनं करायचाय का?"

"माझं व्हिनेगरसारखं आहे गं," भावजी म्हणाले. "तेही अ‍ॅसिडच. हायड्रोजन सोडतं आणि लगेच परत घेतं. सोडल्यावर मागे जो भार उरतो, तो त्याला नीट पेलवत नाही. शेजारी क्लोरीन बसवला तर तो त्यातला थोडा भार आपल्याकडे ओढतो. तीन बसवले, की हायड्रोजन गेला तरी अ‍ॅसिड मागे वळून बघत नाही. कातडी जाळतं."

"आणि आमची ताई?"

"व्हिनेगरला मिथिल म्हणून एक कार्बन-हायड्रोजनचा गट चिकटलेला असतो, ती तशी. भार ओढून घेणं राहिलं बाजूला, आणखी माझ्याच अंगावर ढकलते. 'तुमच्यासारखं कपाट कोण सांभाळणार,' म्हणाली की मी संपलो. मुंगीच्या अ‍ॅसिडला हा मिथिल नाही. लाडावणारं कोणी नाही, म्हणून व्हिनेगरपेक्षा कडक."

"म्हणजे मी क्लोरीन?"

"ते तुझ्या वर्गातल्या बायका सांगतील."

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते पदराआड दाबलं. घराचं फाटक दिसू लागलं तसे भावजी थबकले.

"उद्याही येशील?"

"आज आले नव्हते का?"

"आज तू दाराशी होतीस. क्लोरीन लांब बसवला की असून नसल्यासारखा. उद्या अगदी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. 'एक बूच बघतो' म्हटलं की माझी बाही धर. आणि रस्त्याला लागेपर्यंत सोडू नकोस. उसवली तरी चालेल."