शुभमंगल समसमान

बायकांच्या समान हक्कांसाठी माझ्या साडूइतका घसा अख्ख्या अलिबाग तालुक्यात कोणी कोरडा केला नसेल. फक्त घसा कोरडा झाला की त्याला बसल्या जागी पाणी लागतं, आणि ते माझ्या थोरल्या मेहुणीने आणून द्यावं लागतं. ही गोष्ट मी एकदा त्याच्या कानावर घातली, तेव्हा तो म्हणाला, "अरे, तू तपशिलात शिरतोस. मी तत्त्वाचं बोलतोय."

हे तत्त्व त्याला भर समुद्रात सापडलं. जहाजावर नोकरीला असताना एका चेक इंजिनीयरने त्याला आपल्या देशातला एक जुना गाण्यांचा विनोदी सिनेमा पेनड्राइव्हवर दिला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायको नवऱ्याला सांगते, आजपासून सगळं निम्मं-निम्मं. मग भांडण, गाणं, भांडण, नाच असं ते चालतं. माणसं जहाजावरून अत्तर आणतात, चॉकलेटं आणतात. याने हे आणलं. पुढे नोकरी सोडून त्याने नागावच्या आपल्या नारळाच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, आणि तेव्हापासून दर शनिवारी दिवेलागणीनंतर दोन माडांमध्ये चादर बांधून तो पाहुण्यांना हा सिनेमा दाखवतो. दिवसभर समुद्रात डुंबून भुकेने कळवळलेली ती बिचारी माणसं. त्यांना सुरमई हवी असते, समानता नको असते. सिनेमाची भाषा कोणालाच कळत नाही, म्हणून हा चादरीशेजारी उभा राहून सगळं मराठीत समजावतो. तिकडे बाई दोन शब्द बोलते, इकडे याचं भाषण संपता संपत नाही. शनिवारी नागावला जायचं म्हटलं की मी घरूनच खाऊन निघतो.

बरं, हे वाडीपुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण पालीला माझ्या पुतणीचं लग्न होतं, तिथे याने मंगलाष्टक म्हणायला माइक हातात घेतला. सिनेमातल्या गाण्यावरून स्वतः रचलेलं मंगलाष्टक! शेवटच्या कडव्याला सगळा मांडव 'सावधान'ची वाट बघत होता आणि हा गळा ताणून म्हणाला, "शुभमंगल समसमाऽऽन!" निम्म्या मांडवाने अक्षता टाकल्या, निम्मा मांडव हात वर करून थांबला. बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं आणि भटजींचा चेहरा बघून बंद केलं. माझ्या शेजारचे एक म्हातारबा कळवळून म्हणाले, "अवो, लगीन लागला का न्हाय?" मी नुसते हात जोडले. नंतर जाब विचारला तर म्हणतो, "सावधान कशाला? लग्न म्हणजे काय दरोडा आहे?" या माणसावर धड चिडताही येत नाही, मध्येच हसू फुटतं आणि सगळा राग वाया जातो.

आणि या समानतेच्या कारभारात ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता! मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. बाहेर चादर बांधणं चाललं होतं आणि ताई नारळ खवताना त्यातलंच गाणं गुणगुणत होती. मी म्हटलं, "तुम्हालाही पाठ झालं वाटतं."

"ऐकूनच झालं, भावजी. लग्नाचं गाणं लागलं की भात लावायचा, पहिलं भांडण आलं की सोलकढी करायची, नाच सुरू झाला की मासे तव्यावर सोडायचे. सिनेमा संपतो तेव्हा ताटं तयार." मग खवणीवरचा हात थांबवून म्हणाली, "शेवटी ती बाई काय करते हो? हे दर वेळी निराळंच सांगतात. एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचाय मला. बाकी काही नको."

"मग बघा की, ताई."

तिने खवणी बाजूला सारली. मग तिने पदराला हात पुसले, बाहेर आली आणि पाहुण्यांच्या पुढे पहिल्या खुर्चीत जाऊन बसली.

"अगं, मासे?" साडू म्हणाला.

"मसाला लावून ठेवलाय. लग्नाच्या गाण्याला भात लावा. नाचाला मासे सोडा."

"आणि यांना समजावून कोण सांगणार?"

"डोळे आहेत त्यांना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माडांकडे पाहिलं. तो आत गेला, आणि थोड्याच वेळात खिडकीतून हाक आली, "मीठ कुठाय गं?" ताईने मान वळवली नाही. नाच सुरू झाला तसा करपल्याचा वास वाडीभर पसरला, तरी ती हलली नाही.

सिनेमाच्या शेवटी ती बाई दारात उभी राहून नवऱ्याला काहीतरी सांगते, तो मान डोलावतो आणि दोघं गात निघतात. तेवढ्यात साडू घामाघूम होऊन, हातात उलथनं घेऊन बाहेर आला. ताईने विचारलं, "आत्ता ती काय म्हणाली?"

त्याने हातातल्या उलथन्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मला नाही गं कळत. चेक कुठे येतंय मला? अंदाजाने सांगत आलो."

"वाटलंच मला," असं म्हणून ताईने शेजारची खुर्ची ओढली, आणि तो उलथन्यासकट तिथे बसला.

आता दर शनिवारी स्वयंपाकघर त्याच्याकडे असतं. मासे अजून करपतात, भाषण खिडकीतून चालूच असतं, आणि मी अजून वैतागतोच. ताई मात्र पहिल्या खुर्चीत असते. फक्त नाचाचे सूर लागले की ती खुर्चीतून अर्धी उठते, मग तिला आठवतं आणि ती परत बसते. तेवढं मात्र मला बघवत नाही.