झेपेल ते बोल

गुढीपाडव्याला आमच्या घरी आधी कडुलिंबाचा पाला चावायचा, आणि तोंड कडू असतानाच नव्या वर्षात काय करणार ते अण्णांपुढे सांगायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, चिंचवडच्या शाळेत मास्तर. तोंड गोड झालं की माणूस फुशारक्या मारतो, असं ते म्हणत. सांगितलेलं वाजवी वाटलं तर ते हातावर गुळाचा खडा ठेवत. नाही वाटलं तर म्हणत, "झेपेल ते बोल," आणि वाट बघत.

ताईला नववीतून काढलं होतं. आई सारखी आजारी, घरात कोणीतरी हवं होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता तेव्हाच्या पाडव्याला ती म्हणाली, "मी बाहेरून मॅट्रिकला बसेन. मग कारखान्यात नोकरीचं विचारेन."

"झेपेल ते बोल."

"साहेबीण व्हायचंय व्हय गं?" आत्या हसली. "दादा, हिला एक टोपी आणा, तांबड्या गोंड्याची!"

ताई पाला गालात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "शिवण शिकेन." गूळ मिळाला. दिवाळीला आत्याच्या अंगात ताईनं शिवलेली चोळी होती.

पुढच्या पाडव्याला पुन्हा मॅट्रिक, आणि अण्णांचं पुन्हा तेच. "मग याला शिकवेन," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी मॅट्रिकच्या वर्गात जाणार होतो. वर्षभर तिनं चुलीपुढे माझी पुस्तकं वाचली. भूमितीचं प्रमेय मला समजावण्याआधी ती राखेत काडीनं आकृती काढून बघायची. इंग्रजी उतारे माझ्याआधी तिचेच पाठ झाले.

तिसऱ्या पाडव्याला ती म्हणाली, "अण्णा, अभ्यास झालाय. नुसता अर्ज भरायचा राहिलाय."

"तुझं लग्न ठरतंय. झेपेल ते बोल."

"संसार नीट करेन."

त्या दिवशी तिला गुळाचा मोठा खडा मिळाला.

वर्ष लागताना आवाक्यातलंच ठरवावं, असं शहाणी माणसं अजूनही सांगतात. आवाका कोण मोजतो, ते मात्र सांगत नाहीत.

जूनमध्ये माझा निकाल लागला, मी पास झालो. पेढे वाटले तेव्हा ताई चऱ्होलीला सासरी होती. पुढचा पाडवा यायच्या आत ती बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही.

माणसं भेटायला येत. एकदा ओसरीवर अण्णा त्यांना सांगत होते, "जे बोलली ते पोरीनं करून दाखवलं. शिवण शिकली, भावाला पास केलं, सासरी नाव राखलं. अवाजवी कधी काही मागितलं नाही."

माणसांनी माना डोलावल्या.

"आणि मॅट्रिक?" मी विचारलं.

"कसलं मॅट्रिक?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते लपवत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलत असते तर मला सोसलं असतं.

"म्हणाली होती," आत अंथरुणावरून आई बोलली. सुतकात तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "तिन्ही पाडव्यांना म्हणाली होती."

अण्णांनी चऱ्होलीहून आलेल्या माणसाकडे वळून विचारलं, नदीला पाणी किती आहे, आणि बैलगाडी पलीकडे उतरते का.