अण्णाचं बोलकं पोट

रेवतीचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन निघाले होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. डबा दारातच टाकून मी रिक्षा पकडली आणि भवानी पेठ गाठली. जाईपर्यंत त्याला न्यायची तयारी झालेली होती. महिना उलटून गेला, तरी अजून मला खरं वाटत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि पचनसंस्थेचा धडा आला की त्याला चेवच चढायचा. घरात आमचे टॉवेलचे माग होते. हा मागावरचा टर्किश टॉवेल आणि एक साधा पंचा वर्गात न्यायचा, दोन्ही पाण्यात बुडवून पिळून दाखवायचा. "जास्त पाणी कुणी प्यालं? टॉवेलनं! का? हे बारके फासे आहेत म्हणून. तुमच्या लहान आतड्याला आतनं अशीच लव असते, म्हणून खाल्लेली भाकरी अंगी लागते." एकदा तर आईचं नऊवारी शाळेच्या व्हरांड्यात उलगडलं, की बघा, तोंडापासून शेवटापर्यंतची नळी जवळपास एवढी, आणि ही सगळी तुमच्या पोटात घडी घालून ठेवलीय! आईनं त्याला असा फैलावर घेतला की विचारू नका.

अशा माणसाच्या मोठ्या आतड्यातच गाठ निघावी, हे काय म्हणायचं? ऑपरेशन झालं. आतड्याचं तोंड पोटावर आणून बसवलं, वर पिशवी लावली. आता शौच त्या पिशवीत. नर्सनं पहिल्यांदा पिशवी बदलली तेव्हा मी खोलीत होते. वहिनींनी तोंड फिरवलं. मला वाटलं, अण्णा आता कोसळतोय. आणि हा पठ्ठ्या चष्मा मागतोय! "शकू, ये हिकडं, बघ... हलतंय ते! जन्मभर फळ्यावर बाण काढून दाखवलं, आतडं आकुंचन पावतं, घास पुढं ढकलतं. आज डोळ्यांनी बघतोय. आणि हात लावला तरी दुखत नाही, गंमतच की!" लालभडक, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं होतं ते. खोटं कशाला सांगू, मीही वाकून बघितलंच.

पण चार माणसांत जायची वेळ आली आणि सगळं कुतूहल कुठल्या कुठं गेलं. रेवतीचं लग्न ठरलं होतं. अण्णा मला म्हणाला, "कन्यादानाला तू आणि तुझे यजमान बसा. अंगावर घाण बांधून मी होमापाशी बसू?" रेवतीनं ऐकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे शहाण्या, अख्खा मांडव पोटात तेच घेऊन बसलेला असतो की! भटजीसुद्धा! तुझं तेवढं बाहेर आहे, एवढाच फरक. आणि हे मी तुला सांगायचं?" दोन दिवस धुसफुसला माझ्यावर. मग नवीन धोतर आणायला सांगितलं.

आमच्यात कन्यादान होईपर्यंत मुलीचे आईबाप उपाशी राहतात. अण्णाला ते पथ्यावरच पडलं. खाल्लं नाही की पिशवी गप्प, असा त्याचा हिशेब. रिकामं आतडं जास्त वाजतं, हे वर्गात शिकवणारा हाच! हातावर हात ठेवलेले, भटजी पुढची पळी भरायला थांबले, माइक चालू... आणि अण्णाचं पोट लांबलचक गुरगुरलं. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला, हात मागं घ्यायला लागला. रेवतीनं तो घट्ट धरला आणि माइकमध्येच म्हणाली, "माझ्या बाबांचं पोट आहे ते. सकाळपासनं माझ्यासाठी उपाशी आहेत."

मग नवऱ्यामुलाची आजी, उजनीकडची, खणखणीत आवाजात म्हणाली, "मंग उरका की वो भटजी! पोरीच्या बापाला जेवू द्या, लई भूक लागलीया त्याला!" मांडव हसला, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा अण्णा मोठ्यानं हसला. पंगतीत सगळ्यांच्या मधोमध बसून जिलब्या हाणल्या. मला म्हणाला, "शकू, पोटाला लाज नसते, म्हणून आपण जगतो बघ." त्यानंतर त्यानं कुठलीच पंगत चुकवली नाही. पुढं गाठ यकृतात गेली, तोवर.

त्या दिवशी त्याला नेलं आणि घर एकदम मोकळं झालं. चूल पेटणार नव्हती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणून ठेवला. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून अण्णा जेवायला बसायचा, तिथं मी बसले होते. पिठल्याचा वास आला आणि मला भूक लागली. कडकडून लागली. असा संताप आला माझा मलाच... भाऊ तिकडं जळतोय, आणि बाईला भूक! रेवतीनं माझ्याकडं बघितलं. ताट वाढलं, माझ्यापुढं ठेवलं, आणि स्वतःचं घेऊन शेजारी बसली. आम्ही दोघी रडत रडत जेवलो, आणि भात दोनदा वाढून घेतला.