ओल्या गाड्यांपुढचा माणूस

ती बाई पोलीस ठाण्यात आली, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. बोंडअळीचं साल होतं. कापूसच आला नाही म्हणून सरकी काढणारे जिनिंग कारखाने लवकर बंद पडले आणि तिथले हमाल वाट फुटेल तिकडे पांगले. मुकुटबनकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. या बाईचा नवराही हमालच, कामासाठी हैदराबादला गेलेला.

"माहा माणूस स्टेटसले रोज फोटो टाकते, साहेब. पण फोन उचलत नाही," ती म्हणाली. "मोबाइल दुसऱ्याच कोनाच्या हाती तर नसन? तो जिता आहे का नाही, तेवढं सांगा."

ठाणे अंमलदार माझ्या कानाशी पुटपुटला, "दुसरी केली असन." मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. तो मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची तक्रार, नोंदवायला बसला. नवऱ्याची तक्रार घेऊन बाई सहजासहजी ठाण्याची पायरी चढत नाही. सगळे उपाय थकले की येते.

फोनचं लोकेशन मागवलं. ते येईपर्यंत तिने जपून ठेवलेले फोटो पाहत बसलो. काळा गॉगल, कमरेवर हात, मागे दरवेळी नवी गाडी. खाली 'हैदराबाद लाइफ'. ऐट तर अशी, की सासरेबुवांनी शोरूमच आंदण दिलं असावं! पण एक गोष्ट खटकली. फोटो भर उन्हातले आणि झाडून सगळ्या गाड्या ओल्या.

संध्याकाळी लोकेशन आलं. हैदराबाद कुठलं, पांढरकवडा! म्हणजे घरापासून एका बसच्या अंतरावर. मग ओल्या गाड्यांचा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी तिथल्या ठाण्याला कळवून हायवेवरची गाड्या धुण्याची ठिकाणं पालथी घातली. एका ठिकाणी तो दिसला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाण्याचा पाइप. वर्दी पाहून पळाला नाही. पाइप बंद करून समोर येऊन उभा राहिला.

मालकाच्या खोलीत बसवून चौकशी सुरू केली.

"हैदराबाद काहून सोडलं?"

"काम सुटलं, साहेब. सगळ्या गावाले सांगून गेलतो, आता कमावूनच येतो म्हणून. तसाच कसा जाऊ?"

"अन् बायकोचा फोन?"

त्याने दुमडलेली पँट खाली सोडून सारखी केली. "तिचा आवाज आला का मले रडू येते. फोटोत हासता येते."

मोठमोठ्या बदमाशांकडून मी कबुली काढली आहे. या माणसाची कबुली ऐकून मी डायरी मिटली.

त्याला आमच्या ठाण्यात आणलं. बाईला बोलावलं. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. ती नुसती त्याच्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहत होती.

"कोन होतं तिथं तुमच्यासंगं?"

"कोनी नाही."

"मंग घरी यायचं ना. मी बी एकटीच होती."

दोघांचे जबाब घेऊन मिसिंग बंद केली. दोघं एकाच बसने गेली.

तेव्हापासून एखाद्याचे फोटो फारच झकास दिसायला लागले की मी त्याला फोन लावतो. बाकी प्रकरणांनी मला कायदा शिकवला, या प्रकरणाने हे शिकवलं.

आता मी निवृत्त आहे, पत्नी हयात नाही, मुलगा दूर असतो. फिरायला गेलो की मी त्याला हसरा फोटो पाठवतो. परवा त्याने फोनच केला. माझे दोन शब्द ऐकून म्हणाला, "बाबा, काय झालं?"

"काही नाही रे," म्हणणार होतो. मग म्हणालो, "करमत नाही मला."