तीनदा काढलेली पट्टी

ज्या कामात सगळेच घाबरलेले असतात, तिथे किस्से आपोआप साठतात. सगळ्यांत जास्त मीच घाबरायचो, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठले. एक तर पाकिटात आहे. ते पाकीट मी अजून उघडलेलं नाही.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या दवाखान्यात अल्ट्रासाउंडचं मशीन आलं. हृदयाच्या झडपा कशा हलतात, ते कागदाच्या पट्टीवर उमटायचं. आजारी झडप ओळखायची तर आधी निरोगी झडप पाहायला हवी. म्हणून आम्ही धडधाकट माणसं शोधत होतो! मी डॉक्टर, विनायकराव टेक्निशियन.

* * *

पहिले आले बुधवारा पेठेतले गुरुजी.

"मला काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणून तर बोलावलं."

"डॉक्टरसाहेब, खरं सांगा. घरच्यांना सोबतच आणलंय!"

बाहेर बाकावर सगळं घर रडत होतं.

* * *

इच्छापूरच्या केळीवाल्या पाटलांच्या छातीवर जेली लावली, तर ते ताडकन उठले.

"संपलो ना मी, साहेब?"

"का हो?"

"अंग थंड पडायला लागलं!"

* * *

पाटलांची समजूत घालून त्यांना पुन्हा झोपवलं. आता त्यांची नजर पट्टीवर.

"साहेब, रेघ खाली गेली!"

"जातेच. दर ठोक्याला खाली जाते."

"दर ठोक्याला? अन् तुम्ही नुसते बसून बघता?"

* * *

माझा स्वतःच्या मोजमापावर कधीच भरवसा नव्हता. शंका आली की पट्टी पुन्हा काढायची, मग परत एकदा. बाजारात बातमी पसरली, "ज्याची पट्टी तीनदा निघते, त्याचं काही खरं नाही!" माणसं यायची बंद झाली.

विनायकराव म्हणाले, "साहेब, आता तुम्हीच झोपा. लोकांना धीर येईल."

लहानपणी मला सांध्यांचा ताप येऊन गेला होता. तसल्या तापानं झडप खराब होऊ शकते. ही गोष्ट मी तिथे कुणालाच सांगितली नव्हती. मशीन आल्यापासून त्या पलंगाकडे पाठ करूनच बसायचो.

* * *

शेवटी झोपलो. साक्षीदार म्हणून गुरुजी खुर्चीत. मी डोळे गच्च मिटले. पट्टी सरकल्याचा आवाज आला.

"कशी आहे?"

विनायकराव म्हणाले, "जरा कुशीवर व्हा. परत घेतो."

परत घेतली.

"साहेब, अजून एकदा."

तिन्ही पट्ट्या घडी करून त्यांनी पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

गुरुजी उठले, चपला घातल्या आणि हळूच म्हणाले,

"वहिनींना घेऊन येऊ?"