कॅम्पातला चेंडू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नुकताच मास्तर झालो होतो आणि शनिवार-रविवार बेळगाव बघायला म्हणून निपाणीहून गेलतो. ज्या टांगेवाल्यानं दोन्ही दिवस मला फिरवलं, त्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्याशी तो मराठीत बोले, घोड्याशी कानडीत. घोड्यापुढं बादली ठेवण्याआधी ओंजळभर पाणी स्वतः पिऊन बघे.

किल्ला दाखवून झाल्यावर रविवारी दुपारी त्यानं टांगा कॅम्पातल्या मैदानाकडेला लावला. गोऱ्यांचं क्रिकेट चाललं होतं. एक टोला थेट आमच्या चाकापाशी आला. घोडा बिथरला, टांगेवाला त्याला आवरत होता. मी चेंडू उचलला आणि कोटाच्या खिशात टाकला. शाळेत दाखवायला, असं मनाशी म्हटलं.

चेंडू शोधत पोलीस आला. त्यानं टांग्याची गादी उलटून पाहिली; माझ्या कोटाला हात लावला नाही.

"चेंडू दे, न्हायतर बिल्ला दे."

"म्या घेतला न्हाय, सायेब," एवढंच टांगेवाला म्हणाला आणि छातीवरचा पितळी बिल्ला काढून दिला. बिल्ल्याशिवाय टांगा हाकता येत नसे. म्हणजे त्याची रोजीच गेली. चेंडू माझ्या खिशातच राहिला.

"मी जातो चालत," नंतर म्हणालो.

"हाकायला बंदी हाय, चालायला न्हाय. बसा, मास्तर."

मोटारस्टँडपर्यंत तो लगाम धरून घोड्याच्या बरोबरीनं चालत आला. मी उतरू लागलो तेव्हा म्हणाला, "जपून. खिशातला चेंडू पडंल."

मी खिसा दाबून धरला आणि उतरलो.