लघुला बोट, गुरूला पंजा

नववीत मला अलंकार यायचे आणि वृत्तं यायची नाहीत. अलंकारांना निदान काहीतरी खूण असते. ओळीत 'जसा', 'सारखा' दिसलं की उपमा लिहायची, 'जणू', 'गमे', 'वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा. अर्थ कळो न कळो, गुण मिळायचे. वृत्ताचं तसं नाही. तिथे ओळीतलं एकेक अक्षर पकडून ते लघु की गुरू हे ठरवायचं. लघु असेल तर डोक्यावर अर्धचंद्र काढायचा, गुरू असेल तर आडवी रेघ. मग तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे आणि त्यावरून वृत्ताचं नाव सांगायचं. आमच्या मराठीच्या बाई म्हणायच्या, "यमाताराजभानसलगम् पाठ करा, सगळं येतं." मी पाठ केलं आणि काहीही आलं नाही. माझ्याबाबतीत पालथ्या घड्यावर पाणी हे बाईंनी वर्गात जाहीर केलं होतं, आणि मला त्याचा भयंकर राग होता.

९६ साल असावं. बाबा तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा मशिनखाली सरकवायचा, पाय दाबायचा, की धाड. आठ तास तेच. मी सहावीत असताना त्यांना कमी ऐकू यायला लागलं आणि नववीत गेले तोवर जवळजवळ काहीच ऐकू येईना. ऐकू येत नाही हे त्यांना मात्र मान्य नव्हतं. आई मोठ्याने बोलली की म्हणायचे, "लय वरडू नको, मी काय बहिरा हाय का?" मग आम्ही दिनदर्शिकेच्या जुन्या पानांच्या मागच्या बाजूला लिहून त्यांच्यापुढे सरकवायचो. 'डाळ संपली.' 'मामा येऊन गेला.' ते वाचून झालं की कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात टाकायचे. का, ते माहीत नाही. आई कपडे भिजवताना रोज खिसे रिकामे करायची.

त्याआधी बाबा पखवाज वाजवायचे. आमचं गाव घोटीजवळचं, भाताचं. गावच्या सप्ताहात बाबा नाहीत असं कधी झालं नव्हतं. मग एका वर्षी ते वाजवता वाजवता भलतीकडेच गेले. टाळ थांबले, गाणारे थांबले, तरी हे डोळे मिटून वाजवतच राहिले. कुणी त्यांना दोष दिला नाही. पण त्यानंतर ते सप्ताहाला गेले नाहीत. आई शेजारणीला सांगत होती, "यांनी आता कानाला खडा लावला," आणि आपण काय बोललो हे कळून मधेच गप्प झाली. पखवाज खोळीत घालून कपाटावर गेला.

एका संध्याकाळी मी घरातल्या एकुलत्या एका टेबलावर गण पाडत बसले होते. बाबा पहिली पाळी करून आले होते आणि समोर कोपर टेकून चहा पीत होते. मी चिडून पुस्तकातली ओळ पेनाने टेबलावर ठोकत म्हणत होते. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तिथं अडखळतीस तू."

मला वाटलं, चहाबद्दल काहीतरी म्हणताहेत.

"परत वाजव," ते म्हणाले, आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

मी परत ठोकलं. त्यांनी मान हलवली. "एक बारीक, दोन जड. एक बारीक, दोन जड. असं चाललंय ना? मग तिसऱ्या खेपेला तू दोन बारीक केले. ते नाय बसत." मी ओळ पाहिली. तिसऱ्या गणात जोडाक्षराच्या आधीचं अक्षर मी लघु धरलं होतं. ते गुरू होतं. गण बरोबर पडले, भुजंगप्रयात निघालं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसत सुटले. ज्यांना ओळ ऐकूच आली नव्हती त्यांनी चूक काढली होती.

मग बाबांनी पद्धत घालून दिली. लघुला एक बोट, गुरूला पूर्ण पंजा. मी वाजवायची आणि त्यांनी तळव्यांनी ऐकायचं. भुजंगप्रयाताला ते 'भात झोडणं' म्हणायचे, कारण भात झोडताना हात असाच चालतो म्हणे. मंदाक्रांतेला म्हणायचे, "ही बाई आधी लय जड पावलं टाकती, मग एकदम धावती." बाईंनी वर्षभरात मंदाक्रांता इतकी सोपी करून सांगितली नव्हती. चरणाचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरू धरतात, हा नियम मी कागदावर लिहून दाखवला तेव्हा त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. "शेवटाला थांबावंच लागतं," म्हणाले. "थांबलं की आपोआप जड होतं."

ते वर्ष आमच्या घरात फार आनंदाचं गेलं. टेबलाचा एक पाय ढिला झाला. आई म्हणायची, बापलेकींनी घराचा प्रेस शॉप केलाय. तरी ती आतून खूश होती, कारण बाबा पुन्हा हसायला लागले होते. मी स्वतःची ओळसुद्धा केली, 'पहाटे दवाने भिजे भातशेती'. बारा अक्षरं, चार गण, एकही चूक नाही. बाबांनी ती तीनदा वाजवून घेतली आणि खोळीतला पखवाज खाली काढून पुसून ठेवला. वाजवला नाही, पण परत वरही ठेवला नाही.

पुढे त्या ओळीच्या सोळा ओळी झाल्या आणि बाईंनी ती कविता स्नेहसंमेलनात म्हणायला निवडली. बाबा पाळी संपवून थेट शाळेत आले. पहिल्या रांगेत लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसले. मी माईकसमोर उभी राहिले. ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. मी पहिली ओळ म्हटली आणि त्यांनी खुर्चीच्या कडेवर वाजवायला सुरुवात केली. बोट, पंजा, पंजा. आवाज किती होतोय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. लोखंडावर तो पंजा असा बसत होता की माझा माईकमधला आवाजही त्याखाली दबला. मागच्या रांगांत खसखस पिकली. कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. माझ्या वर्गातल्या मुली तोंडावर ओढण्या धरून वाकल्या.

मी थांबले. बाबांकडे पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, लहान मुलाला दटावतात तसं, आणि डोळे वटारले.

त्यांचे हात थांबले. त्यांनी ते उचलून मांड्यांखाली सरकवले आणि त्यांवर बसून राहिले. उरलेली कविता मी कशीबशी म्हटली, ती कुठल्या वृत्तात म्हटली देव जाणे.

घरी जाताना ते पुढे चालत राहिले. मी चार पावलं मागूनच चालले. मला माझीच लाज वाटत होती आणि पंधराव्या वर्षी लाज वाटली की माणूस आणखी ताठतो. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर एक ओळ वाजवली. बाबा कप घेऊन उठले आणि ओट्याजवळ जाऊन उभे राहिले. मी दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग सोडून दिलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्यांनी पखवाज देवळात देऊन टाकला. दहावीला वृत्ताचा प्रश्न आला, भुजंगप्रयातच आलं, आणि मी तो बेंचवर बोट, पंजा, पंजा असं हळूच चाचपून सोडवला.

'चुकलं माझं' हे दोन शब्द दिनदर्शिकेच्या पानामागे लिहायला किती वेळ लागतो? मला दहा-बारा वर्षं पुरली नाहीत. मी मराठी घेऊन पदवी केली, बी.एड. केलं, मराठीची शिक्षिका झाले. बाबांना पानं लिहून देतच होते. 'पगार झाला.' 'मुलाकडचे बघायला येणार आहेत.' ते घडी करून खिशात टाकत होते. मला पक्कं वाटत होतं की ते माझ्यावर रागावलेत, आणि राग त्यांचा आहे तर बोलायला सुरुवातही त्यांनीच करावी, असा माझा हिशोब होता. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

२००८ च्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांना दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी आईला सांगितलं नाही. दुपारी भेटायची वेळ होती, वॉर्ड नातेवाइकांनी भरला होता. बाबांच्या खाटेला जेवणाचं लोखंडी टेबल जोडलेलं होतं आणि त्यावर त्यांचे हात होते, हाडं तेवढी उरलेले. मी त्यांच्यासमोर बसले आणि इतक्या वर्षांनी वाजवलं. पहाटे दवाने भिजे भातशेती. बोट, पंजा, पंजा.

पहिल्याच गणाला त्यांनी ओळखलं. त्यांचा चेहरा बदलला. आणि त्यांनी दोन्ही हात उचलून मांड्यांखाली घातले.

"नको," ते म्हणाले. "लोक हसत्यात तुला."

मी थांबले. बाबांना नाही, मला हसतात म्हणे. मग माझ्या ध्यानात आलं की त्या दिवशी शाळेत लोक हसले ते बाबांना ऐकू आलंच नव्हतं. हसणारे सगळे त्यांच्या पाठीमागे बसले होते. त्यांना समोर दिसलं होतं ते फक्त माझं तोंड, आणि तेवढ्यावरून त्यांनी ठरवलं होतं की आपल्या वाजवण्यामुळे लोक पोरीला हसतात, तिला खाली बघावं लागतं. ते माझ्यावर रागावले नव्हतेच. इतकी वर्षं ते माझी अब्रू सांभाळत होते.

मी पर्समधून औषधांची पावती काढली आणि मागे लिहिलं, 'हसू देत. चुकलं माझं. वाजवा ना.' कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सावकाश वाचला. एक हात बाहेर काढून तो घेतला, घडी केली, दवाखान्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता म्हणून उशीखाली सरकवला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "परीक्षा झाली ना तुझी."

आणि हात परत मांडीखाली ठेवला.